नावाची नक्षी आणि तुटलेला रफार

आमच्या मराठी विभागाचे भित्तिपत्रक दर महिन्याला निघते. निघते म्हणजे, निघावे असा संकल्प असतो. परीक्षा, निवडणुकीची कामे आणि विद्यार्थ्यांचा उत्साह यांचे गणित जमले तरच तो पुरा होतो. पूर्वी जाड कागदावर बोरूने वा कटनिबने लिहिलेले मजकूर त्यावर चिकटवले जात. गेल्या काही वर्षांत हाताने लिहिलेले पान जवळजवळ दिसेनासे झाले. विद्यार्थी कविता घरूनच 'करून' आणतात. 'लिहून' हे क्रियापद त्यांनी कधी सोडले, ते आमच्याही लक्षात आले नाही.

असेच एक पान दोन वर्षांपूर्वी आमच्या टेबलावर आले. कविता बोरी नदीच्या कोरड्या पात्रावर होती, आणि बरी होती. मात्र पानाच्या उजव्या कोपऱ्यात कवीच्या नावाने जो थाट मांडला होता, त्यापुढे कविता बापुडवाणी दिसत होती. पंख पसरलेला गरुड, त्याच्या पायाशी ज्वाळा, आणि त्यावर सोनेरी, उठावदार, खाली सावली व भोवती निळी प्रभा असलेले नाव. तेही रोमन लिपीत! आम्ही दोघेही (हा लेख लिहिणारे आम्ही दोन सहकारी आहोत) हसलो. अध्यापकाच्या हसण्यात जी एक इजा करण्याची शक्ती असते, तिचा त्या वेळी आम्हाला विसर पडला. "मराठी विभागाच्या भिंतीवर इंग्रजीत नाव कशाला?" असे आमच्यापैकी एकाने विचारले. विद्यार्थी थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मराठीतच करेल होतं सर. पन नाव तुटी गयं."

'नाव तुटले' म्हणजे काय, हे पाहण्यासाठी त्याने संगणक उघडला आणि आम्हाला खुर्च्या ओढून बसावे लागले. त्यानंतरचा तास हा आमच्या अध्यापकीय आयुष्यातील मोजक्या उपयुक्त तासांपैकी एक होता. शिकवणारे आम्ही नव्हतो, हे वेगळे सांगायला नको.

त्या विद्यार्थ्याचे नाव येथे देत नाही. त्यात वेलांटी आहे, रफार आहे आणि एक जोडाक्षरही आहे. उदाहरणादाखल त्याऐवजी 'विद्यार्थी' हा शब्द घेऊ. तो सोयीचा तर आहेच, शिवाय या गावात त्याला एक वेगळा मानही आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात येथील प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयातील मुलांसाठी ते 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत, आणि १९२८ मध्ये त्यांनी जे मासिक सुरू केले त्याचे नाव 'विद्यार्थी'. गुरुजींच्या हाताखालून हा शब्द किती वेळा गेला असेल! तोच शब्द आमच्या विद्यार्थ्याने फोटोशॉपच्या एका जुन्या आवृत्तीत टंकित करून दाखवला. पडद्यावर उमटले ते असे: आधी 'व', त्याच्या मागे, चुकीच्या बाजूला, वेलांटी, मग पाय मोडलेला 'द', त्याला लागून आख्खा 'या', मग पाय मोडलेला 'र', आणि शेवटी 'थी'. रफार नाहीच. जणू अपघात झालेल्या बसमधून प्रवासी बाहेर पडून रस्त्याच्या कडेला एका रांगेत उभे राहावेत, तशी ती अक्षरे उभी होती.

हे असे का होते, याचे उत्तर भाषाशास्त्र शिकवणाऱ्या कोणालाही रंजक वाटावे. युनिकोडमध्ये देवनागरीचा मजकूर साठवला जातो तो उच्चाराच्या क्रमाने, लेखनाच्या क्रमाने नव्हे. 'वि' म्हणताना आपण आधी व्यंजन उच्चारतो, मग स्वर. म्हणून यंत्राच्या स्मृतीत आधी 'व' आणि मग वेलांटी. 'र्थी' म्हणताना आधी 'र्', मग 'थ', मग 'ई'. म्हणून स्मृतीतही तोच क्रम. 'विद्यार्थी' या शब्दात अशी एकूण १० चिन्हे असतात. ती पडद्यावर येताना वेलांटीला उडी मारून व्यंजनाच्या आधी जावे लागते, 'द' आणि 'य' यांना एकमेकांत मिसळावे लागते, आणि 'र्' ला सगळ्यांना ओलांडून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढावे लागते. ही उठबस करून देणारी यंत्रणा ज्या प्रणालीत नाही, तेथे १० चिन्हे मुकाट्याने आली त्या क्रमाने उभी राहतात. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० ची आणि देवनागरी ज्यात समाविष्ट होती ते युनिकोडचे पहिले रूप १९९१ चे. दोघांची गाठ नीट पडायला मात्र फार वर्षे गेली. नंतरच्या आवृत्त्यांत दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा पर्याय आला. पण तोही बराच काळ सेटिंगमध्ये खोल कुठेतरी दडलेला असे. ज्याला तो माहीत नाही, त्याचे नाव तुटणारच.

म्हणजे आमच्या विद्यार्थ्याने रोमन लिपी हौसेने घेतली नव्हती. त्याला स्वतःचे नाव आख्खे हवे होते, आणि ते त्याला एकाच लिपीत आख्खे मिळत होते.

यावर कोणी म्हणेल की, हा संगणकवाल्यांचा प्रश्न आहे. मराठीच्या अध्यापकांनी त्यात कशाला पडावे? आम्हीही वर्षानुवर्षे हेच म्हणत आलो. आज मात्र आमचे मत स्पष्ट आहे. आम्ही वर्णमाला शिकवतो, स्वनविचार शिकवतो, प्रमाणलेखनाचे नियम घोकून घेतो. पण अक्षराला आकार असतो, याची दखल आमच्या अभ्यासक्रमात जवळपास नसते. अक्षराचे दृश्य रूप आम्ही चित्रकलेच्या मास्तरांकडे आणि बाजारातल्या फ्लेक्सच्या दुकानांकडे सोपवून मोकळे झालो. कॉलेजच्या रस्त्यावरचा फ्लेक्स बनवणारा तरुण 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' ही ओळ दिवसातून चार वेळा रचतो. 'र्दि' वर वेलांटी आणि रफार एकत्र आल्यावर काय करायचे, हे त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असते. त्याच्याकडे 'श्रीलिपी'सारखे जुन्या पद्धतीचे फाँट असतात. त्यांत अक्षरे साठवली जातात ती दिसण्याच्या क्रमाने, म्हणजे यंत्राच्या लेखी ती केवळ चित्रांची रांग. त्यामुळे फोटोशॉपला देवनागरी कळण्याची गरजच उरत नाही आणि नाव तुटत नाही. मात्र तोच मजकूर दुसरीकडे नेला की रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा निरर्थक ढीग होतो. एकीकडे दिसायला आख्खे पण अर्थाला परके, दुसरीकडे अर्थाने शाबूत पण दिसायला मोडके, अशा कात्रीत आपली लिपी दोन दशके तरी अडकली होती.

या कात्रीतून तिला सोडवण्यासाठी ज्यांनी हात लावला, त्यांत र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांचे नाव आमच्या विद्यार्थ्यांना माहीत असावे असे फार वाटते. जाहिरातक्षेत्रातील मोठे नाव, सुलेखनकार, अध्यापक, आणि विशेष म्हणजे मराठी कवी. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' हा फाँट त्यांचा. त्याला नाके मुरडणारे पुष्कळ आहेत, आम्हीही मुरडतो; पण लाखो मराठी माणसांनी संगणकावर आपले नाव पहिल्यांदा न तुटलेले पाहिले ते त्या अक्षरांत. साठोत्तरी कवितेच्या तासाला आम्ही जोशींचा उल्लेख कवी म्हणून करतो आणि पुढे जातो. कवीने अक्षराचा असा विचार का करावा, हा प्रश्न तेथे थांबून विचारण्यासारखा होता. आम्ही थांबलो नाही.

असो. आता त्या नक्षीकडे वळू.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच विद्यार्थ्याला सोबत घेऊन त्याचे नाव देवनागरीत सजवायला बसलो. कृती वरवर सोपी. साधारण ५०० बाय १५० पिक्सेलची आडवी पट्टी, पारदर्शक पार्श्वभूमी, एका लेअरवर चित्र, दुसऱ्यावर नाव, मग नावाला कड, सावली, चकाकी आणि उठाव. या पट्टीला ही मुले 'सिग्नेचर' म्हणतात. यूट्यूबवर पाहून ती शिकतात, आणि शिकवणारा बहुधा रोमन अक्षरे डोळ्यांपुढे ठेवून शिकवत असतो. अडचण तेथेच आहे. रोमन अक्षरे सुटी असतात; ती एकमेकांपासून लांब नेली तर अधिक रुबाबदार दिसतात. देवनागरीत अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडलेल्या तोंडासारखा दिसू लागतो. कड जाड केली की 'ष' आणि 'क्ष' यांच्या पोटातली पोकळी बुजते; 'थ' आणि 'य' दुरून सारखेच दिसू लागतात. रोमनमधील नाव बहुतांशी एका पट्ट्यात बसते. आपल्याला वर रफार, वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार यांसाठी, तर खाली उकार आणि ऋकार यांसाठी जागा राखावी लागते. म्हणजे आपले अक्षर तीन मजली. १५० पिक्सेलच्या उंचीत तीन मजले बांधायचे आणि वर गरुडही बसवायचा, तर काहीतरी सोडावे लागणार.

त्याने गरुड सोडला. आम्ही सांगितले म्हणून नव्हे. रफाराला जागा हवी होती म्हणून.

हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. अलंकार म्हणजे वरून चढवलेली वस्तू नव्हे, हे वाक्य आम्ही काव्यशास्त्राच्या तासाला दरवर्षी उच्चारतो. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत परत करतात. या मुलाने ते वाक्य न उच्चारता, चार तास माऊस घासून, आपल्याच नावावर सिद्ध केले. ज्वाळा गेल्या, निळी प्रभा गेली. रफाराची एक रेघ त्याने डावीकडे लांबवत शिरोरेषेवरून फिरवली आणि नावाला आपोआप एक कमान मिळाली. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावे जाहिरातींसाठी ज्या तऱ्हेने रेखाटली, त्या वाटेचा हा एक नवशिका प्रवासी. (शेडगे २०२० मध्ये गेले. त्यांच्या हातून निघालेले नाटकाचे नाव वाचताना नाटकाची प्रकृती आधीच कळे. मराठी नाटकाच्या अभ्यासक्रमात त्यांचा एखादा परिच्छेद असायला हरकत नव्हती.)

आता मूळ आक्षेपाकडे येऊ, कारण तो आमचाच होता. कवितेखाली एवढी मोठी सही कशाला? कवीने नावाचा सोस धरावा का? साहित्य शिकवणाऱ्या माणसाला असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. पण तो प्रश्न आपल्या परंपरेत फारसा टिकत नाही. आपल्या संतकवींनी नाव कवितेच्या खाली नव्हे, कवितेच्या आत ठेवले. आपण त्याला नाममुद्रा म्हणतो, आणि मुद्रा हा शब्द तर सरळ शिक्क्याचा. तुकोबांचे नाव शेवटच्या चरणात येते. एकनाथ स्वतःच्या नावाला गुरूचे नाव जोडतात. जनाबाई स्वतःला नामदेवाची दासी म्हणवतात, आणि सोयराबाई आपल्या मुद्रेत नवऱ्याचे नाव आणि जात दोन्ही उघड उच्चारतात. म्हणजे सही ही केवळ मालकीची खूण नव्हती. मी कोण, कोणाचा, समाजाने मला कुठे उभे केले आहे, हे सारे तिच्यात असे. अलंकरण म्हणाल तर याहून भरजरी सही कोणती?

राजव्यवहारातही हेच. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आज 'मान्यता' या अर्थाने वापरतो. मुळात तो दोन ठशांचा जोडशब्द आहे. मुख्य शिक्का पत्राच्या माथ्यावर, मोर्तब शेवटी. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर माथ्याला अष्टकोनी राजमुद्रा आणि अखेरीस 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा असते. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही घुसडू नये, असा त्या शेवटच्या ठशाचा अर्थ. नक्षी होती, पण तिला काम होते.

आमच्या विद्यार्थ्याच्या नक्षीलाही काम होते, हे आम्हाला उशिरा कळले, आणि तेही लाज वाटावी अशा रीतीने. भित्तिपत्रकावर लावताना आम्ही त्याला नाव लहान करायला लावले होते. देवनागरीतले, कमानदार, पण लहान, आणि कवितेपासून दूर, तळाच्या कोपऱ्यात. अभिरुचीचा विजय झाला असे आम्हाला वाटले. पुढे कोणीतरी त्या पानाचे छायाचित्र काढले, ते व्हॉट्सअॅपवर फिरले, आणि दोन महिन्यांनी तीच कविता आमच्याच एका नातेवाइकाकडून आमच्या फोनवर आली. खालचा कोपरा कापलेला. त्या जागी गुलाबाचे फूल, 'सुप्रभात', आणि भलत्याच कोणाचे तरी चकचकीत नाव. कवितेतला एक शब्दही बदलला नव्हता. नाव कापायला फक्त बोटाची एक चाल पुरली, कारण ते कापण्याजोग्या जागी आम्हीच ठेवायला लावले होते.

विद्यार्थ्याला आम्ही ते दाखवले तेव्हा तो रागावला नाही. त्याने एवढेच विचारले, "मग नाव आत टाकू का सर, तुकोबांसारखं?"

या प्रश्नावर आम्हा दोघांत अद्याप एकमत नाही. आमच्यापैकी एकाला वाटते की, नाममुद्रा ही त्या भक्तिसंप्रदायाची आणि गायनाची गरज होती; आजच्या मुक्तच्छंदात ती उसनी दिसेल. शिवाय मुद्रा आत असली म्हणून चोरी टळते असेही नाही. 'नामा' या मुद्रेखाली नामदेवांच्या पाठोपाठ विष्णुदासनामा आणि इतरांच्याही रचना मिसळल्या, आणि त्या वेगळ्या करताना संशोधकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. तुकोबांच्या नावावरही प्रक्षिप्त अभंग आहेतच. दुसऱ्याचे म्हणणे असे की, त्या काळी लोक आपली रचना मोठ्या कवीच्या नावे खपवत. आज दुसऱ्याची रचना आपल्या नावे खपवतात. पहिल्यात निदान नम्रता होती. रोगच वेगळा असेल, तर औषधही वेगळे शोधावे लागेल.

ज्या जिल्ह्यात आम्ही राहतो, तेथे ही चर्चा बहिणाबाईंपाशी आल्याशिवाय राहत नाही. आसोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांना लिहिता वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्या गात. सोपानदेवांनी आणि नात्यातल्यांनी ती गाणी टिपून ठेवली, आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. योगायोग असा की, त्याच १९५२ मध्ये अमळनेरला कृ. पां. कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले होते. मराठी भाषेची व्युत्पत्ती लावणारा अभ्यासक व्यासपीठावर, आणि कधीही स्वतःची सही न केलेल्या एका बाईचे नाव त्याच वर्षी मराठी कवितेत दाखल होते. आज आमच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. २०१८ पासून आमच्या विद्यार्थ्यांच्या पदवीपत्रावर ते छापून येते. आणि दुसरीकडे, सकाळी सकाळी फिरणाऱ्या रंगीत चित्रांवर त्यांच्या ओळी नाव गाळून, किंवा त्यांनी कधी न रचलेल्या ओळी त्यांचे नाव लावून, दोन्ही प्रकारे येतात. त्या चित्रांवर चित्र बनवणाऱ्याची सही मात्र ठळक असते.

म्हणून आम्ही भित्तिपत्रकाचा रिवाज बदलला. सजावटीची हौस आम्ही आता दाबत नाही. उलट कवीचे नाव आणि सजावट करणाऱ्याचे नाव अशा दोन सह्या मागतो, दोन्ही देवनागरीत, आणि दोन्ही मजकुराच्या अंगाला इतक्या लागून की, त्या कापताना एखादी ओळ तरी हाती यावी. काहींनी नाव पुसट करून कवितेच्या मागे पाणखुणेसारखे पसरवले. ते वाचताना डोळ्यांना त्रास होतो हे खरे, पण तूर्त तो आम्ही सोसतो. हस्ताक्षर चांगले असलेल्या एका विद्यार्थिनीने कागदावर शाईने सही केली, तिचे छायाचित्र घेतले, पांढरा भाग काढून टाकला आणि ती चित्रावर बसवली. रफार तुटण्याचा प्रश्नच आला नाही. (या उपायाला एक पैसा लागत नाही, आणि चित्रे काढून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांनी आरंभीच्या वर्षांत देवनागरीची जी खिचडी शिजवली, ती पाहता हाताचा भरवसा अजून बरा.)

फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वे साहित्य संमेलन अमळनेरला भरले, तेव्हा आमच्या मुलांनी आपापल्या छायाचित्रांभोवती नक्षी करून ती सर्वांना धाडली होती. त्यांतली बहुतेक नावे रोमन लिपीत होती. तेव्हा ते आम्हाला फारसे खटकले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. या वर्षी विभागाच्या उद्घाटनाला आम्ही साहित्यिक पाहुण्याऐवजी फ्लेक्सच्या दुकानातल्या त्या तरुणाला बोलवायचे ठरवले आहे. विषय: जोडाक्षरे. त्याने येण्याचे मान्य केले. फक्त भाषण करणार नाही, करून दाखवीन, असे म्हणाला. निमंत्रणपत्रिका त्याच विद्यार्थ्याने तयार केली आहे. रफार अजून थोडा डावीकडे हवा, असे आमच्यातल्या एकाचे मत; दुसऱ्याच्या मते तो आहे तेथेच ठीक आहे.